परदेशात स्वस्तात जेवा, पण उपाशी राहू नका



उन्हाळा जवळ आला की माझ्या दवाखान्यात एका वेगळ्या प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. त्यांना काही झालेले नसते, त्यांचा व्हिसा आलेला असतो. मुलगा जर्मनीत किंवा मुलगी स्वित्झर्लंडमध्ये नोकरीला असते आणि आईवडील पहिल्यांदा विमानात बसणार असतात. गोंदिया जिल्ह्यातल्या छोट्या गावांतूनही आता अशी माणसे निघतात. ती दोन महिन्यांच्या गोळ्या लिहून घेतात, इन्शुरन्सच्या कागदावर सही घेतात, थंडी किती असेल ते विचारतात. "तिथे खाणार काय?" हे मात्र मलाच विचारावे लागते. उत्तर बहुतेक वेळा एकच येते: "तिकडं सगळं लय महाग असते म्हणतात. एक वेळ खाऊ, एक वेळ चालवून घेऊ."

हे "चालवून घेऊ" ऐकले की मी पेन खाली ठेवतो. आजचा लेख त्याच्याबद्दल आहे. महागड्या देशात कमी पैशात जेवता येते, आणि चांगले जेवता येते. पण त्यासाठी काटकसर कुठे करायची आणि कुठे अजिबात करायची नाही, हे निघण्याआधी ठरवावे लागते.

महाग नेमके काय असते?

स्वित्झर्लंडचेच उदाहरण घेऊ, कारण जगातल्या सर्वांत महाग देशांत त्याची गणना होते. तिथला एक फ्रँक म्हणजे आपले शंभर रुपयांहून जास्तच धरा. साध्या रेस्टॉरंटमध्ये एक ताट २० ते ३० फ्रँकला पडते, म्हणजे दोन-तीन हजार रुपयांच्या वर. एक बर्गरसुद्धा सात फ्रँकच्या पुढे जातो. हे आकडे ऐकून आपल्याला वाटते की त्या देशात अन्नच महाग आहे.

पण त्याच रस्त्यावरच्या मिग्रो, कोऑप, आल्डी किंवा लिडल अशा सुपरमार्केटमध्ये शिरा. तांदूळ, ओट्स, मसूर, अंडी, दूध, दही, कोबी, गाजर, सफरचंद, केळी हे सगळे तिथे मिळते. आपल्यापेक्षा महाग आहे खरे, पण रेस्टॉरंटच्या ताटाशी त्याची तुलनाच होत नाही. बाहेर एका माणसाच्या एका जेवणाला जे पैसे जातात, तेवढ्यात दोन माणसांचा दिवसभराचा शिधा निघतो.

असे का? जिनिव्हा परगण्यात कायद्याने ठरलेले किमान वेतन तासाला २४ फ्रँकच्या वर आहे. म्हणजे रेस्टॉरंटमध्ये कांदा चिरणारा, भांडी घासणारा आणि ताट आणून देणारा, या सगळ्यांच्या तासाचे पैसे तुमच्या बिलात असतात. वर जागेचे भाडे. महाग असते ती दुसऱ्याने केलेली मेहनत. ती मेहनत आपण स्वतः केली की खर्च खाली येतो.

आपल्याकडचे उदाहरण देतो. नागझिऱ्याच्या जंगलात जायचे जे दरवाजे आहेत, त्यांतला एक तिरोडा तालुक्यातल्या चोरखमाऱ्याला आहे. तिथे सफारीला येणारा पाहुणा मुक्कामाच्या ठिकाणी जे जेवतो, त्या बिलात गावातल्या घराचा कित्येक दिवसांचा किराणा येईल. आणि त्याच पाहुण्याला वाघ दाखवायला नेणारा गाइड सकाळी घरून भात-वरण-भाजीचा डबा घेऊन निघतो. जंगल एकच, दिवस एकच, पण जेवणाचे दर दोन. झुरिकमध्येही असेच दोन दर असतात. पाहुण्याचा दर सोडा आणि तिथला कामकरी माणूस दुपारी काय खातो ते बघा. तो सुपरमार्केटमधून पाव, चीज, फळ घेतो किंवा घरून डबा आणतो, आणि तळ्याकाठच्या बाकावर बसून खातो.

गुरुजींची गोष्ट

चोरखमारा भागातले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे मधुमेहासाठी येतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगतो. गुरुजी आणि बाई मुलीकडे तीन आठवडे जाऊन आले. मुलीने दोघांना रेल्वेचा पास काढून दिला होता. ती कामावर गेली की हे दोघे दिवसभर गावे बघत फिरायचे. परत आल्यावर गुरुजींचे वजन चार किलोने कमी झाले होते आणि तिथे एकदा रेल्वे स्टेशनवर त्यांना दरदरून घाम फुटून हातपाय थरथरले होते. बाईंनी पर्समधली साखर तोंडात घातली, म्हणून निभावले.

मी विचारले, "दुपारी काय खात होता?"

"काही नाही जी. सातशे रुपयांचं सँडविच घशाखाली कसं उतरणार?"

बाई मध्येच म्हणाल्या, "मी रोज डबा करून नेत होती. पोहे, दही, उकडलेली अंडी. हे हातच लावत नव्हते. म्हणे, इतक्या चांगल्या बाकावर बसून डबा काय उघडायचा, लोक काय म्हणतील!"

गुरुजी हसले, पण मान खाली घालून. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर बसून त्यांनी आयुष्यभर डबे खाल्ले असतील. तिथे लाज वाटली नाही, झुरिकच्या तळ्याकाठी वाटली. गंमत अशी की त्या तळ्याकाठी दुपारी कोट-टाय घातलेली माणसेही कागदातला पाव सोडून खातात. रेल्वेच्या डब्यातही खाणे चालते. तुमच्याकडे कोणी बघत नसते.

गुरुजींनी गोळी मात्र न चुकता सकाळी घेतली होती. खरा धोका तिथेच होता.

जेवण टाळले आणि गोळी घेतली, तर काय होते?

मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही त्यांतली नेहमीची नावे. तुम्ही जेवलात की नाही, हे गोळीला कळत नाही. ती आपले काम करतेच. इन्सुलिनच्या इंजेक्शनचेही तसेच. त्यात प्रवासात माणूस गावाकडच्यापेक्षा कितीतरी जास्त चालतो, चढ चढतो, स्टेशनवर बॅगा उचलतो. स्नायू साखर ओढून घेतात, पोटातून नवीन साखर येत नाही, आणि रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाते.

थरथर, घाम, धडधड, एकदम भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. साखर आणखी खाली गेली तर माणूस गोंधळतो, बेशुद्ध पडतो. वय जास्त असेल किंवा किडनी कमजोर असेल तर ही गोळी शरीरात जास्त वेळ रेंगाळते. बीपीच्या काही गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर जाणवतच नाही, घाम तेवढा येतो.

अशा वेळी तीन-चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच घ्यायचे. अर्धा ग्लास फळांचा रसही चालतो. चॉकलेट नको. स्वित्झर्लंडमध्ये ते जागोजागी दिसेल, पण त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात सावकाश जाते. १५ मिनिटांनी साखर तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच घ्या, आणि मग पोटभर काहीतरी खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १४४ आणि युरोपात सगळीकडे ११२ हा नंबर लावा.

फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीतून साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. उपाशी राहणे आणि पाणी कमी पिणे या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसली तर साखर फार वाढलेली नसली तरी दवाखाना गाठा.

म्हणून निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या: जेवण चुकले तर कोणती गोळी घ्यायची नाही. स्वतःच्या मनाने डोस बदलू नका.

"मोठी माणसेही उपाशी राहिलीच ना?"

हा प्रश्न मला गुरुजींनीच विचारला. त्यांच्या मनात बाबासाहेब होते. १९२० ते १९२३ या काळात डॉ. आंबेडकर लंडनला दुसऱ्यांदा शिकायला होते. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, दुपारचे जेवण नाही, आणि रात्री भूक असह्य झाली की भाजलेले पापड. चरित्रकारांनी हे लिहून ठेवले आहे. ते ज्या घरात राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर आता महाराष्ट्र शासनाने घेतले आहे.

मी गुरुजींना एवढेच म्हणालो की, बाबासाहेबांपुढे पर्याय नव्हता. पैसे उसने आणलेले, मुंबईत कुटुंब अडचणीत, आणि अभ्यास पुरा करायचा. ती त्यांची हौस नव्हती. त्यांना दुपारचे जेवण मिळाले असते तर त्यांनी ते नाकारले असते असे मला वाटत नाही. त्यांच्या चिकाटीपुढे नतमस्तक व्हावे. पण त्यांच्यावर लादल्या गेलेल्या उपासमारीची, खिशात पैसे आणि हातात डबा असताना नक्कल करू नये.

लंडनमधलेच दुसरे उदाहरण गांधीजींचे आहे. त्याच्या तीस वर्षे आधी ते तिथे बॅरिस्टर व्हायला गेले होते. खर्च कमी करायचा ठरवल्यावर त्यांनी स्वस्त खोली घेतली, स्टोव्ह आणला, सकाळी ओटची लापशी आणि कोको स्वतः करू लागले. बसचे भाडे वाचवायला पायी फिरले. एक शिलिंग तीन पेन्समध्ये दिवसाचे खाणे भागत होते, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. तुमच्या-माझ्यासारख्या प्रवाशाला हीच वाट धरता येण्यासारखी आहे: स्टोव्ह, लापशी आणि पायी चालणे.

दिवसाचा स्वस्त आणि पुरेसा आहार

स्वस्तात खायचे म्हटले की लोक पाव, बिस्किटे आणि इन्स्टंट नूडल्स यांवर दिवस काढतात. पोट भरते, पण त्यात मैदा आणि मीठ जास्त, प्रथिने कमी. वयस्क माणसाचे स्नायू आधीच कमी झालेले असतात. प्रथिने मिळाली नाहीत तर वजनाबरोबर ताकदही जाते.

आपल्या पूर्व विदर्भाला हा धडा लाखोळीने शिकवलेला आहे. लाखोळीची डाळ जेवणात अधूनमधून खाणे वेगळे. पण टंचाईच्या काळात ज्यांच्या ताटात महिनोन्महिने बहुतेक तीच राहिली, त्यांच्यातल्या काहींचे पाय कायमचे लुळे पडले. डाळ स्वस्त होती हा तिचा दोष नव्हता, ताटात दुसरे काही नव्हते हा घात होता. तीन आठवडे पाव खाऊन कुणाचे पाय लुळे पडणार नाहीत, पण तत्त्व तेच आहे. स्वस्त खा, पण एकच एक खाऊ नका.

६० किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात. ती अशी जमतात:

सकाळी: ५० ग्रॅम ओट्स, २०० मिली दूध, एक सफरचंद. प्रथिने सुमारे १२ ग्रॅम.

दुपारी डब्यात: पोहे, वाटीभर साधे दही, दोन उकडलेली अंडी, कच्चे गाजर. प्रथिने सुमारे २४ ग्रॅम.

रात्री: भात, ६० ग्रॅम मसुराचे घट्ट वरण, कोबीची भाजी. प्रथिने सुमारे १९ ग्रॅम.

अंडी न खाणाऱ्यांनी डब्याबंद काबुली चणे किंवा राजमा घ्यावा. तो उकडलेलाच असतो. चाळणीत पाण्याखाली धुतला की त्यातले बरेच मीठ निघून जाते. किडनीच्या रुग्णांनी प्रथिनांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

हॉटेलच्या खोलीत स्वयंपाकाला बहुधा परवानगी नसते. धुराचा अलार्म वाजला तर दंडच बसायचा. पण किटली बऱ्याचदा असते. उकळते पाणी ओतून झाकून ठेवले की ओट्स, पोहे आणि तिथे मिळणारा कुसकुस पाच-दहा मिनिटांत तयार होतात. जमत असेल तर स्वयंपाकघर असलेली खोली किंवा वसतिगृह शोधा.

आणखी काही व्यवहाराच्या गोष्टी:

स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनांवरची उघडी असतात. शनिवारीच सामान भरा.

संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधी मुदत संपत आलेल्या पदार्थांवर २५ किंवा ५० टक्के सवलतीची चिठ्ठी लागते. 'टू गुड टू गो' या मोबाइल अ‍ॅपवर उरलेले खाणे कमी दरात मिळते.

बाहेर जेवायचेच असेल तर दुपारी जेवा. दुपारचे ठरावीक ताट रात्रीपेक्षा स्वस्त असते. मिग्रो आणि कोऑपची स्वतः वाढून घ्यायची उपाहारगृहेही असतात. मोठे जेवण दुपारी आणि हलके रात्री, हे मधुमेहालाही बरे.

पाणी विकत घेऊ नका. नळाचे पाणी पिण्याजोगे असते आणि एकट्या झुरिकमध्ये हजारावर कारंजी आहेत, त्यांतून बाटली भरा. 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असेल तिथले मात्र पिऊ नका.

स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला एक-दोन फ्रँक पडतात, म्हणून पाणीच न पिणारी मंडळी मी पाहिली आहेत. असे करू नका. त्यातून लघवीचा संसर्ग, चक्कर आणि किडनीवर ताण येतो. गाडीतल्या स्वच्छतागृहाला पैसे लागत नाहीत, उतरण्यापूर्वी जाऊन या.

दोन सावधगिरी

पहिली मिठाची. दिवसभरात मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इन्स्टंट नूडल्सच्या एका पाकिटातच दोन ग्रॅमच्या आसपास मीठ असते. वर लोणचे आणि पापड. बीपी आणि हृदयाच्या रुग्णांनी बॅगेत हे तिन्ही भरून नेऊ नये. मसाल्याची अर्धीच पुडी घाला.

दुसरी भाताची, आपण भात खाणारी माणसे म्हणून. शिजवलेला भात तासन् तास बाहेर राहिला तर त्यात 'बॅसिलस सिरियस' नावाचा जंतू वाढतो आणि विष तयार करतो. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उरलेला भात तासाभरात पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. दिवसभर फिरायचे असेल तर डब्यात भातापेक्षा पोळी किंवा कोरडे पोहे बरे. दही आणि अंडी त्या सकाळी फ्रिजमधून काढून दुपारच्या आत खा.

बॅगेत काय न्यायचे?

पोहे, भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, फुटाणे, जवसाची चटणी, मेथीचे तेलातले खाकरे, आणि ग्लुकोजची पुडी. ग्लुकोज आणि औषधे हातातल्या बॅगेत ठेवा. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंड, युरोपीय संघ आणि ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, म्हणजे खवा, पेढे, पनीर, तूप घरीच ठेवा. ऑस्ट्रेलियात प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो. अमेरिकेत आपल्याकडचा तांदूळ सामानातून नेण्यास मनाई आहे. कारण आहे खपरा किडा, जो आपल्या कोठारांतल्या धान्याला लागतो. त्यामुळे धानाच्या जिल्ह्यातल्या माणसाने अमेरिकेला घरचा तांदूळ नेण्याचा मोह टाळावा. देशागणिक नियम बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी मुलांना त्या देशाची अधिकृत यादी बघायला सांगा.

शेवटी एक हिशेब

प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत गुणून बघायची सवय पहिल्या दिवशीच सोडा. त्याऐवजी घरून निघतानाच खाण्यासाठी रोजची एक रक्कम वेगळी काढा आणि ती खाण्यावरच खर्च करा. ती उरली म्हणजे आपण जिंकलो असे नाही. वाचवायचे असेल तर टॅक्सी, बाटलीबंद पाणी, रेस्टॉरंटचे रात्रीचे जेवण आणि फ्रिजवर लावायची चुंबके यांवर वाचवा. परदेशातल्या इस्पितळातली एक रात्र ही तुमच्या सगळ्या सँडविचांच्या बेरजेपेक्षा महाग पडते.

आणि मुलांनो, हा लेख तुम्हीही वाचत असाल. आईबाबा "आम्ही बाहेर खाल्लं" असे संध्याकाळी सांगतील. त्यावर विश्वास ठेवू नका. सकाळी कामावर जाताना डबा भरलेला आहे का ते बघा, आणि दुपारी फोन करून काय बघितले हे विचारण्याआधी काय खाल्ले ते विचारा.

प्रवास सुखाचा होवो. आपल्या गोळ्यांबद्दल शंका असेल तर निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी आपल्या डॉक्टरांना भेटा.